उलट्या पिळाची तार

मला राग लवकर येतो आणि उशिरा जातो, हे आधीच सांगून ठेवतो. दादांची गाडी मी काही हौसेनं उघडली नाही. रागानं उघडली.

वडिलांना आम्ही दादा म्हणतो. गुरांच्या दवाखान्यात ते ड्रेसर होते. जखमा धुवायच्या, पट्ट्या बांधायच्या, डॉक्टर नसले की खेड्याखेड्यांत जाऊन लसी टोचायच्या. आमच्या काळ्या मातीत पावसाळ्यात साधी मोटारसायकल चालत नाही. मडगार्ड आणि टायरच्या मध्ये चिखल भरतो, चाक जाम होतं, मग बसा काडीनं कोरत. म्हणून दादांनी कुठून तरी एक जुनी परदेशी गाडी मिळवली होती, खास कच्च्या रस्त्यांसाठी केलेली. तिचं पुढचं मडगार्ड टायरपासून चांगलं वीतभर वर. तशी गाडी आजूबाजूच्या पाच गावांत दुसरी नव्हती.

दर पौर्णिमेला विहारात त्रिशरण-पंचशील दादाच सांगायचे, बाकीचे त्यांच्या मागून म्हणायचे. हा मान त्यांना कुणी दिला नव्हता, तो त्यांच्या आवाजानं आणि वागण्यानं आपसूक आला होता. एका पावसाळ्यात ताडकळसहून परतताना नाल्याच्या उतारावर त्यांनी पुढचा ब्रेक दाबला आणि गाडीनं त्यांना फेकून दिलं. मांडीचं हाड मोडलं. खांद्यावरच्या पिशवीतली स्पिरिटची बाटली फुटली आणि सगळे कपडे भिजले. उचलायला धावलेल्यांच्या नाकात तेवढा एक वास गेला. झालं! दादा सांगत राहिले की ते दवाखान्याचं स्पिरिट आहे. लोक मान डोलवत राहिले आणि पाठ फिरली की हसत राहिले.

हाड जुळल्यावर दादा पुन्हा विहारात गेले. मद्य न पिण्याचं पाचवं शील सांगायला लागले तसं मागून कुणीतरी फिसकन हसलं. पुढच्या पौर्णिमेपासून ते मागच्या भिंतीला टेकून बसू लागले. त्याला बावीस वर्षं झाली.

मला तेव्हा एकोणिसावं चालू होतं. मी परभणीला डीएडला गेलो आणि सुट्टीतही घरी यायचं टाळलं, कारण मलाही वाटत होतं की दादा त्या दिवशी प्यायले असावेत. हे लिहिताना आज माझा मलाच संताप येतोय, पण ते खरं आहे.

यंदा विहाराच्या कमिटीत नवी मंडळी आली. त्यांनी आग्रह करून दादांना पुढे बोलावलं. ऐंशीचा माणूस काठी टेकत पुढे गेला, हात जोडले, आणि दादांच्याच वयाचे एक निवृत्त गुरुजी जागेवरूनच म्हणाले, "चारच सांगा दादा. पाचवं आमी आमचं म्हणून घेतो."

अख्खा विहार हसला. दादाही थोडंसं हसले आणि जाऊन भिंतीला टेकले. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्या क्षणी मी ठरवलं, ती गाडी चालू करायची, दादांना मागे बसवायचं आणि सगळ्या गावादेखत विहाराच्या दारात नेऊन उभी करायची. त्यानं काय सिद्ध होणार होतं, देव जाणे. देव मानत नाही मी, पण राग आला की असलं तोंडातून निघतं.

गाडी बावीस वर्षं गोठ्याच्या मागं पोत्यांखाली पडून होती. पुढचं सगळं अंग चिखलात, आणि तो चिखल वाळून सिमेंट झालेला. इंजिनाचं काम त्या मानानं सोपं निघालं. जीव खाल्ला तो पुढच्या शॉकअपनं. परभणीत तीन मिस्त्र्यांना दाखवलं. तिघांचं एकच, "मास्तर, हे फेकून द्या, दुसऱ्या गाडीचा बसवू." अरे, फेकायचं असतं तर तुमच्या दारात कशाला आलो असतो? शेवटी मीच हत्यारं घेऊन बसलो.

शॉकअप म्हणजे तसं अवघड काही नसतं. दोन बाजूंना दोन पाय. प्रत्येकात खाली जाड नळी, तिच्यात वरखाली सरकणारा पाइप, आत स्प्रिंग आणि तेल, आणि तेल बाहेर येऊ नये म्हणून तोंडाशी रबराचा सील. पण बावीस वर्षांनी उघडायला बसलं की कळतं. चाक काढताना चिखलातून कसली तरी तार आडवी आली, ती पक्कडीनं ओढून काढली आणि डब्यात टाकली. ब्रेकची केबल एक्सलभोवती गुंडाळली गेली होती, तीही कापली. बोल्ट सुटेनात. डिझेल ओतून दोन दिवस ठेवले, तरी एकाचं डोकं झिजलंच. मी पाना भिंतीवर फेकून मारला, भिंतीचा पोपडा निघाला, बोल्ट तसाच राहिला. तो शेवटी लेथवाल्यानं काढून दिला. आतलं तेल शेणकाल्यासारखं निघालं. पाइपाला गंजाचे खड्डे पडले होते, ते लेथवर घासून, क्रोम चढवून आणले. सीलसाठी दुकानं पालथी घातली. एका म्हाताऱ्या दुकानदारानं जुना सील चष्म्याजवळ धरला, "ये नाप का अब कहाँ आता, मास्तर," म्हणाला, आणि तासाभरानं कसल्याशा पंपाचा सील काढून दिला. तो बरोब्बर बसला.

एका रविवारी जोडणीला घेतलं. एका पायाला आतल्या बाजूनं एक लोखंडी खुंटी असते. ब्रेकच्या झाकणाला खाच असते. खुंटी खाचेत बसली की ब्रेक दाबल्यावर झाकण जागच्या जागी राहतं. नाही बसली तर झाकण चाकाबरोबर फिरतं, केबल गुंडाळली जाते आणि चाक जागीच आवळतं. दोन्ही पाय दिसायला सारखेच. मी खुंटीचा पाय ब्रेकच्या बाजूला लावला, ती खाचेत टक्कन बसली, आणि माझे हात थांबले. काढताना ही खुंटी दुसऱ्या बाजूला होती.

डब्यातली तार काढली. चिखल झटकला. एका टोकाला तुटलेली, दुसऱ्या टोकाला पीळ. उलटा पीळ. मी डावखुरा आहे, पक्कड डाव्या हातात धरतो, माझ्या तारेचा पीळ उलटा पडतो. कुंपणाची तार लांबून बघून दादा सांगायचे, ही याची.

मग सगळंच आठवलं. त्या पावसाळ्यात शॉकअप गळत होता आणि सील मी बदलले होते, आयुष्यात पहिल्यांदा, एकट्यानं. पाय अदलाबदल झाले. शेवटी ब्रेकचं झाकण हलायला लागलं, तेव्हा मी ते तारेनं आवळून टाकलं. आमच्याकडे खाट, फाटक, सायलेन्सर, सगळं तारेवर चालतं. तार आवळली की काम झालं. दादांनी पाठ थोपटली होती आणि दुसऱ्या दिवशी त्याच गाडीवर ताडकळसला गेले होते. नाल्याच्या उतारावर ब्रेक दाबताच तुटली ती हीच तार.

दादा ओसरीवर तूर निवडत बसले होते. मी तार त्यांच्यापुढं धरली. "ही वळखू येती का?"

त्यांनी हातात घेतली नाही. नुसती पाहिली. "तुझी हाय."

"कवापासून माहीत हाय तुमाला?"

"पडलो तवापासून. टेम्पो येईस्तोर तिच्याकडंच बघत पडलो व्हतो की."

मी ओरडलो. ऐंशी वर्षांच्या बापावर, शेजारपाजारचे बाहेर येतील एवढ्या मोठ्यानं. "बावीस वर्षं लोक तुमाला दारुडा म्हणायलेत, आन तुमी गप? सांगितलं कामून न्हाई?"

"दारूचं म्हणलं तर लोक हसतेत," दादा म्हणाले. "पोरानं बापाला पाडलं म्हणलं की हसत न्हाईत. जलमभर सांगत बसतेत."

"मला तर सांगायचं! मला बी वाटलं व्हतं दादा, तुमी प्यालात म्हणून."

त्यांनी सुपातला एक खडा उचलून बाहेर टाकला. "ते बी ठाऊक हाय मला."

इतका राग मला कधीच आला नव्हता. आणि तो कुणावर काढावा तेच कळेना. न विचारता माझं पाप स्वतःच्या अंगावर घ्यायचा हक्क यांना कुणी दिला? मी आठवडाभर त्यांच्याशी बोललो नाही. त्या आठवड्यात शॉकअप पूर्ण केला. दोन्ही पायांत मापून तेल भरलं, खुंटी तीनदा तपासली, पुढचा ब्रेक शंभरदा दाबून पाहिला.

पौर्णिमेच्या सकाळी दादांना मागे बसवून विहारात नेलं. वंदनेआधी मी उभा राहिलो आणि सगळं सांगून टाकलं. सील, अदलाबदल झालेले पाय, तार, स्पिरिटची बाटली. तार सगळ्यांना दाखवली. ती हातोहात फिरली आणि परत माझ्याकडं आली. मग ते गुरुजी उठले. त्यांचे डोळे भरून आले होते. माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "लेक असावा तर असा. बापाचा डाग सवताच्या अंगावर घेतला यानं."

सगळा विहार तीनदा साधू, साधू, साधू म्हणाला.

"मी खोटं न्हाई सांगायलो!" मी ओरडलो. मी जितका ओरडलो तितक्या कौतुकानं बाया माझ्याकडं बघू लागल्या. दादांनी माझा हात धरून मला खाली बसवलं, स्वतः पुढे गेले आणि पंचशील सांगायला सुरुवात केली. पाचव्याला कुणी हसलं नाही. सगळ्यांनी ते त्यांच्या मागून सावकाश, मायेनं म्हटलं. ज्या माणसानं जन्मात दारूचा थेंब तोंडाला लावला नाही, त्याला त्या सकाळी आमच्या गावानं माफ केलं.