दिपमाला कमी शिवत नाही

फैजपुरात साड्यांच्या गादीवर बसून मला सव्वीस वर्षं झाली. नाव पितांबर, म्हणजे आईबापांनी धंदा बारशालाच ठरवून टाकला होता. गिऱ्हाईक आलं की मी साडीची घडी मोडतो, पदर स्वतःच्या खांद्यावर टाकतो, निऱ्या पोटाशी धरतो आणि आरशासमोर उभा राहतो. मला मिशी आहे, ढेरी आहे, तरी बायका माझ्याकडे बघून साडी पसंत करतात. "ताई, तुमच्या अंगावर टाकून बघा" म्हटलं की मागे सरतात. "नको नको, तुमच्यावरच दिसू द्या." स्वतःच्या अंगाची बायकांना किती भीती घालून ठेवलीय, ते मी रोज बघतो.

हल्ली त्यात मोबाईलची भर पडली आहे. पोरी येतात आणि सांगतात, काका, मी ॲपल शेप आहे, मला हे चालत नाही. दुसरी म्हणते, मी पेअर. अगं बायांनो, गावाच्या चारी बाजूंनी केळीचे मळे, तुम्ही थंड हवेची फळं कशाला होता? एकीनं ज्ञान दिलं की सरळ बांध्याच्या बाईला बनाना शेप म्हणतात. मी म्हटलं, ज्यानं हे नाव ठेवलं त्यानं केळं हातात धरलेलं दिसत नाही.

या फळबाजाराला न जुमानणारी एकच बाई गावात आहे. दिपमाला फेगडे. आमच्या दुकानामागच्या गल्लीत तिची एक खोली. अर्ध्या भागात शिलाई मशीन, अर्ध्या भागात पार्लर, मध्ये पडदा. बाहेर पाटी आहे, "ब्लाऊज शिलाई व नवरीचा मेकअप", आणि खाली लाल अक्षरात, "इथे गोरं करून मिळत नाही." त्याच्याखाली कुणा टवाळानं खडूनं लिहिलं, "मग काय मिळतं?" दिपमालानं ते पुसलं नाही. शेजारी खडूनंच उत्तर लिहिलं, "आरसा."

दिपमाला स्वतः काळी, बसकी, दंडानं भरलेली. चालायला लागली की गल्लीतला माणूस आपोआप बाजूला होतो. तोंडाची तर अशी फटकळ की नवरा जितेंद्र, जो केळीच्या ट्रकवर ड्रायव्हर आहे, तो म्हणतो, "मले घाटात भीती नाही वाटत, घरी वाटते." पण तिच्या हातची कला अशी की सावदा-यावलहून बायका ब्लाऊज शिवायला येतात. मान आखूड असेल तर गळा पुढून खोल घेते. खांदे रुंद असतील तर बाहीला चुणी देत नाही. ठेंगणीला बारीक काठ, मऊ पडणारं कापड, पदर चापून लावायचा, अंबाडा थोडा वर. सावळ्या रंगावर पांढरी पावडर फासत नाही. "तोंड पांढरं आन मान कायी, भूत हाये का तू?" असं नवरीला तोंडावर विचारते. नवरी हसते आणि काम सोपं होतं.

एक गोष्ट ती कुणासाठी करत नाही. मापाच्या आत शिवत नाही. दर लग्नसराईत दहा बायका येऊन सांगतात, ताई, दोन इंच कमी शिवा, तोवर मी बारीक होणार आहे. दिपमाला म्हणते, "मंग बारीक झाल्यावर ये."

त्यामागं कारण आहे, आणि ते तिनं मला एकदा फॉल-पिकोच्या साड्या न्यायला आली असताना सांगितलं होतं. तिचं लग्न भर मे महिन्यात झालं. सासरकडून शालूबरोबर ब्लाऊज शिवूनच आला, नणंदेच्या मापाचा. हिच्या अंगात तो शिरला, पण मागचे हुक लागेनात. बायकांनी पाठीवर सेफ्टी पिना लावल्या आणि वरून शाल पांघरली. खानदेशातला मे महिना, डोक्यावर पत्र्याचा मांडव, त्यात लोकरीची शाल. दर मंगलाष्टकेला ही वाकायची आणि पीन टोचायची. "लोक म्हनत, नवरी रडते, माहेर सुटतं म्हनून," दिपमाला म्हणाली. "पितांबरभाऊ, मी त्या पिनांपायी रडत व्हती." लग्नानंतर चौथ्या महिन्यात तिनं शिलाईचा क्लास लावला.

आता गेल्या लग्नसराईची गोष्ट.

लीलाधर चौधरींच्या ऋतिकाचं जळगावात जमलं. लीलाधरभाऊंची केळीची बाग आहे, माणूस गरीब स्वभावाचा. ऋतिका एम. एस्सी. झालेली, शाळेत शिकवणारी, उंचीला पाच फुटांच्या आत आणि अंगानं चांगली गुबगुबीत. मुलगा भूषण, ताडमाड उंच. त्याची आई मंदाबाई. बारीक, कडक, बोलताना दुसऱ्याच्या अंगावरून नजर फिरवणारी बाई.

बस्ता आमच्या दुकानात ठरला. लग्नाचे सगळे कपडे दोन्ही घरांनी एका दिवशी, एका गादीवर बसून घ्यायचे, याला आमच्याकडे बस्ता म्हणतात. नवरदेवाचा सूट मुलीकडचे घेतात, नवरीचा शालू मुलाकडचे. पहिल्या कापडाला हळदकुंकू लागतं, चहा फिरतो, आणि नवरीला विचारतात, "तुला कुठली आवडली गं?" सव्वीस वर्षांत प्रत्येक नवरीनं मान खाली घालून एकच उत्तर दिलं आहे, "तुम्हाला आवडेल ती." मला त्या वाक्याचा मनापासून राग आहे. रंगाची आवड नसलेली बाई मी अजून पाहिली नाही, पण बस्त्याला सगळ्या आंधळ्या होतात.

मंदाबाईंनी येतानाच फोनमध्ये फोटो आणला होता. फिकट गुलाबी घागरा, खाली कडक जाळीचे पाच थर. फोटोतली मुलगी बांबूसारखी. घागरा दुकानात होता. मी काढला आणि मनात म्हटलं, नाकापेक्षा मोती जड. ऋतिका त्यात दिसणार तरी कुठे? पण मी नोकरमाणूस, मी तो पसरला.

"छान आहे की नाही?" मंदाबाईंनी विचारलं.

"तुम्हाला आवडेल तो," ऋतिका म्हणाली. झालं. आणखी एक.

ब्लाऊजचं माप बस्त्यालाच घेऊन टाकायची आमच्याकडे पद्धत आहे. लीलाधरभाऊंनी दिपमालाला बोलावलं होतं. तिनं पडद्याआड ऋतिकाचं माप घेतलं, बाहेर आली आणि चिठ्ठीवर आकडा लिहायला बसली. मंदाबाईंनी चिठ्ठीत डोकावून पाहिलं.

"त्रेचाळीस? काहीतरीच काय! अडतीस लिहा. अजून दोन महिने आहेत. मी तिला डाएट लिहून दिलाय. आमच्याकडे सगळ्या बायका शिडशिडीत आहेत, फोटोत बरं दिसायला नको?"

"मी अडतीस लिहिनार नाही," दिपमाला म्हणाली. "माप जे हाये ते हाये."

"तुम्हाला शिवायला सांगितलंय, शिकवायला नाही."

"मंग दुसरी शिवणारी पहा. आंगाले कापड बेततात, बाई. कापडाले आंग नाही बेतत."

चहा देणारासुद्धा कप हातात धरून थांबला. लीलाधरभाऊंचा चेहरा पांढरा पडला. मुलीच्या बापाच्या डोळ्यांपुढे अशा वेळी एकच चित्र असतं, मोडलेलं लग्न. ते दिपमालाजवळ सरकले आणि त्यांना वाटलं तेवढ्या हळू आवाजात म्हणाले, "दिपमाला, लिही ना वं अडतीस. घरी गेल्यावर तुले जे शिवायचं ते शिव. कागदानं काय व्हतं?"

आमच्या लोकांची ही जुनी खोड. समोरच्यापुढे मान डोलवायची आणि मागून आपल्याला हवं ते करायचं. भांडण टळतं, पण पोरीचं माप चोरीचं होतं. दिपमालानं पेन खाली ठेवलं. ती उठून गेली असती तर मंदाबाईंनी जळगावचा शिंपी आणला असता, अडतीसचा ब्लाऊज झाला असता, आणि ऋतिकाही शालीखाली पिना सोसत उभी राहिली असती. हे मला कळत होतं आणि मी गप्प होतो, ते आज सांगायला लाज वाटते.

पडदा सरकला. ऋतिका बाहेर आली. चेहरा लाल झालेला, पण मान वर.

"दिपमालाकाकू, मोठ्यानं सांगा आकडा."

"कोनाले?"

"सगळ्यांना. बाबांना पण."

"त्रेचाळीस," दिपमाला म्हणाली.

"त्रेचाळीस," ऋतिका मंदाबाईंकडे बघत म्हणाली. "तुम्ही मला बघायला आलात तेव्हाही त्रेचाळीसच होतं. दोन महिन्यांनी कमी झालं तर ब्लाऊज आत घेता येईल. नाही झालं तरी मला श्वास घेता आला पाहिजे."

मंदाबाईंनी भूषणकडे पाहिलं. तो इतका वेळ सुटाच्या कापडावर हात फिरवत बसला होता. "अरे, बोल काहीतरी. फोटो जन्मभर राहतात."

"आई, मी बघूनच हो म्हटलंय," भूषण म्हणाला. "माझा सूट माझ्या मापाचा शिवताय ना? मग तिचा ब्लाऊज तिच्या मापाचा शिवू दे." एवढं बोलायला या गड्याला अर्धा तास लागला. पण बोलला, हेही नसे थोडके.

मंदाबाई तोंड फिरवून बसल्या. "करा काय करायचं ते," म्हणाल्या. रागानं का होईना, परवानगी मिळाली होती.

आता दिपमालाच्या अंगात आलं. तिनं घागरा बाजूला सारला आणि मला म्हणाली, "भाऊ, तो वाईन कलरचा शालू काढा. बारीक काठाचा." मी काढला. ऋतिकाच्या खांद्यावर दिपमालानं तो स्वतः चापून लावला, पदर पाठीवर लांब सोडला, केस वर धरून दाखवले. खरं सांगतो, पोर दोन इंच उंच झाली, अंग आत गेलं. लीलाधरभाऊंच्या जिवात जीव आला. मंदाबाईंनीसुद्धा तिरक्या डोळ्यानं पाहिलं आणि "हं" केलं. दिपमाला खूश. मीही खूश. हिशेबानं गोष्ट इथं संपायला हवी होती.

ऋतिकानं आरशात स्वतःला पाहिलं. मग मागच्या फळीकडे बोट केलं.

"पितांबरकाका, तो दाखवा."

फळीवर नारिंगी शालू होता. झेंडूसारखा भडक, वीतभर रुंद जरीचा काठ. ठेंगण्या बाईला जो मी स्वतः कधी दाखवत नाही, तो.

"नको वं माय," दिपमाला म्हणाली. "तेवढा काठ तुले मधोमध कापून टाकते. बुटकी दिसशील."

"मी बुटकीच आहे, काकू."

"पन दिसायची काय गरज?"

"मग कोण दिसू? मला लहानपणापासून नारिंगी शालू हवा होता. तुम्ही आत्ता म्हणालात ना, माप जे आहे ते आहे?" ऋतिकानं वाईन कलरचा पदर खांद्यावरून उतरवला. "यांनी मला बारीक लिहिली. तुम्ही मला उंच करताय. दोन्हींत मी नाहीच. एक दिवस तरी मला माझ्या आवडीचं नेसू द्या."

दिपमाला गादीवर टेकली. अंगावर तिची नेहमीची साडी होती, काळपट हिरवी, बारीक काठाची. तिचा हात त्या काठावरून एकदा फिरला. लोकांना सांगे ब्रह्मज्ञान, हे तिला तिथंच उमगलं असावं, कारण डोळे भरून आले आणि तिनं ते लपवले नाहीत.

"वीस वरसं," ती म्हणाली, "मी बायांले काय नेसू नको तेच सांगत बसली." मग नाक पुसून मला ओरडली, "पाहता काय भाऊ, काढा ना तो!"

मी शालू काढला. सवयीनं माझ्याच खांद्यावर टाकायला गेलो. ऋतिकानं तो माझ्या हातातून घेतला आणि स्वतःच्या अंगावर पसरला. मंदाबाई काय म्हणाल्या ते मी ऐकलं नाही. मी त्या पोरीच्या तोंडाकडे बघत होतो. इतकी हसरी नवरी मी गादीवर पाहिली नव्हती.

लग्न भुसावळ रस्त्यावरच्या लॉनवर झालं. दिपमालानं ब्लाऊज त्रेचाळीसचा शिवला, कोपरापर्यंत बाही, मागे हुक सरळ लागलेले. चेहऱ्यावर सावळा रंग सावळाच ठेवला, फक्त ओठ गडद. वेणी लांब सोडली, कारण ऋतिकाला वेणी आवडते. पोर बुटकी दिसत होती, जाड दिसत होती, आणि लांबून, पार्किंगमधूनसुद्धा, ओळखू येत होती.

हार घालून झाल्यावर जोडीचे फोटो सुरू झाले. ऋतिका भूषणच्या खांद्याच्याही खाली. फोटोग्राफर अनुभवी माणूस, त्यानं न विचारता एक लाकडी पाट आणून तिच्या पायाशी ठेवला.

"ताई, यावर उभ्या राहा. साडीत दिसणार नाही. जोडा बरोबरीचा दिसेल."

लीलाधरभाऊ हात पुढे करून तिला पाटावर चढवायला निघाले. मी दिपमालाकडे पाहिलं. ती जागची हलली नाही, नुसती बघत राहिली. ऋतिकानं शालूच्या निऱ्या थोड्या उचलल्या आणि पाट पायानं बाजूला सारला.

"जोडा बरोबरच आहे," ती म्हणाली. "दादा, तुम्ही कॅमेरा खाली घ्या."

फोटोग्राफर गुडघ्यावर बसला.