कर्जावर एकटीचं नाव

“चाचा, सॅलरी सर्टिफिकेट दे दूंगा, पर उसमें नोटीस पिरियड लिखना पडेगा. आपने रिझाइन किया है,” एचआरचा शाजी म्हणाला.

“मत लिखो.”

“फिर मैं भी आपके साथ घर जाऊंगा.”

शाजी केरळचा, स्वभावानं चांगला. पण कागद खोटा करणार नाही. मी तिथंच खुर्चीवर बसून राहिलो. बाहेर उन्हात जायचा कंटाळा आला होता, दुसरं काय.

मी कतारमध्ये स्कॅफोल्डिंग फोरमन आहे. स्कॅफोल्डिंग म्हणजे परांची. टाकी रंगवायची असो की वरचा पाइप बदलायचा असो, माणसाला उभं राहायला लोखंडी पाइपांचा सांगाडा लागतो. मी तो बांधून घेतो, तपासतो आणि टॅग लावतो. हिरवा टॅग म्हणजे चढा. लाल म्हणजे खाली थांबा. शिक्षण माझं सातवी. पुढे शिकायचं होतं असंही काही नाही.

आमची मंडळी, म्हणजे बायको, गेल्या वर्षी गेली. डेंगूचा ताप. मी विमानात होतो तेव्हाच संपलं होतं. घरी पोचलो तर पडवीत माणसं बसलेली. तेरावं उरकून परत आलो आणि थोड्या महिन्यांनी राजीनामा दिला. रोज संध्याकाळी कॅम्पवर येऊन तिला फोन लावायचा, ही इतक्या वर्षांची सवय. आता जेवण झालं की फोन हातात घेऊन बसायचो आणि खाली ठेवायचो. म्हटलं, खलास. आता घरी जाऊ.

मुलगी दर्शना कोल्हापूरला नर्सिंगला आहे. तिची फी बँकेच्या एज्युकेशन लोनवर चाललेली. हे कर्ज पोरीच्या नावावर असतं, पण सोबत कमावत्या माणसाची सही लागते. त्याला को-अॅप्लिकंट म्हणतात. पोरगी नोकरीला लागून फेडेपर्यंत बँक त्या माणसाकडे बघते. आम्ही तिथे मंडळीचं नाव घातलं होतं, एकटीचं. पैसे मी तिच्याच खात्यात पाठवायचो, तेच तिचं उत्पन्न म्हणून दाखवलं. गल्फवाल्यांच्या घरी लाइटच्या मीटरपासून सगळं बायकोच्याच नावावर असतं. त्यात मी उंचावर काम करणारा. माझं काही बरंवाईट झालं तर पोरीचं कर्ज अडकू नये, असा आमचा विचार.

ती गेली आणि बँकेनं पुढची फी थांबवली. कॉलेजनं सांगितलं, फी नाही तर परीक्षा नाही.

दर्शनानं आधी स्कॉलरशिप बघितली. तालुक्याला उत्पन्नाचा दाखला काढायला गेली. क्लार्कनं विचारलं, वडील कुठे असतात? पोरीनं खरं सांगितलं. तो म्हणाला, “गल्फला? मग तुम्ही कशाला रांगेत?” त्याला माझी कॅम्पवरची खोली दाखवायला हवी होती. सहा खाटा आणि एक खिडकी, ती पण एसीनं भरलेली.

मग मी म्हटलं, माझा हिशोब मिळेल, त्यातून भरू. हिशोब म्हणजे नोकरी सोडताना कंपनी देते ती ग्रॅच्युइटी. शाजीनं कॅल्क्युलेटर मारला. ती फक्त बेसिकवर मिळते. बेसिक म्हणजे पगाराचं नुसतं हाड. ओव्हरटाइम, जेवणाचे पैसे त्यात नाहीत. एक वर्षाची फी निघत होती, शिक्षण दोन वर्षांचं बाकी.

बँकेत फोन केला. मॅडम सरळ बोलल्या.

“काका, को-अॅप्लिकंट तुम्ही व्हा. सॅलरी सर्टिफिकेट पाठवा.”

“मी पुढच्या महिन्यात घरीच येतोय.”

“घरी आल्यावर उत्पन्न काय?”

“काही नाही. आंब्याची थोडी कलमं आहेत.”

“मग नाही होणार. तुम्ही तिथे नोकरीत आहात तोवर होईल.”

म्हणजे बाप घरी असेल तर कर्ज नाही. बाप परदेशात पाहिजे. मी फोन ठेवला आणि शाजीकडे गेलो, ते वर सांगितलंच.

शाजी म्हणाला, “चाचा, रेझिग्नेशन वापस लो. बापट सर से बात करो.”

बापट साहेब पुण्याचे, आमचे प्रोजेक्ट मॅनेजर. ते लॅपटॉपवरून मान वर न करता म्हणाले, “सुर्वे, तुम्हीच म्हणालात ना, आता कोणासाठी राहू?”

“म्हणालो. ते खरंच आहे. पण बँकेला चालत नाही.” मी सगळं सांगितलं.

“तुमच्या जागी थापाला घेतोय मी.”

“थापा चांगला आहे. पण शटडाउनमध्ये त्याला एकट्याला टाकलंत तर तो तुम्हाला नेपाळीत शिव्या घालेल. तुम्हाला कळायच्यासुद्धा नाहीत.”

शटडाउन म्हणजे प्लँट बंद ठेवून आतली दुरुस्ती. सगळीकडे एकाच वेळी परांची लागते. त्या काळात कोणाला रजा नसते. बापट साहेबांनी लॅपटॉप मिटला.

“पूर्ण शटडाउन करणार? मध्येच घरी जायचं म्हणाल.”

“मंडळीचं वर्षश्राद्ध त्यातच येतं.”

ते म्हणाले, “मग?”

“मग काय. तिथे मेव्हणा आहे. करेल.”

साहेबांनी शाजीला फोन लावला. “सुर्वेकाकांचं रेझिग्नेशन कॅन्सल. सर्टिफिकेट आजच दे.”

सह्यांचे कागद एम्बसीतून अटेस्ट करून, म्हणजे सही माझीच आहे असा शिक्का घेऊन, दोह्याच्या नजमा भागातून कुरिअर केले. बँकेनं फी सोडली. दर्शना परीक्षेला बसली.

श्राद्धाच्या दिवशी मी एका टाकीच्या पोटात होतो. आत फोन नेता येत नाही. बाहेर आलो तेव्हा दर्शनाचा मेसेज होता. कावळा लगेच शिवला बाबा, तुम्ही जेवून घ्या. मी जेवलो.

आता पोरगी शिकून नोकरीला लागेपर्यंत मी इथेच. कंपनी ठेवेल तोवर, इन्शाल्ला.

ज्यांची मुलं कर्जावर शिकतात त्यांना एवढंच सांगतो. राजीनामा लिहिण्याआधी बँकेत फोन करा. आणि सही दोघांची घाला. आधी कोण जाणार ते आम्ही नवराबायकोनं ठरवून टाकलं होतं. दोघांनीही माझंच नाव धरलं होतं.