दोघींचे सुखरूप

आई जगदंबेला वंदन करून लिहितो. आज आमच्या गावच्या दिवंगत नर्सबाईंचे पुण्यानुमोदन झाले. बुद्धविहारातून परतलो आणि लेखणी हाती घेतली.

बाळंतिणीच्या खोलीत शिरल्यावर बाई आधी बाळाकडे पाहतच नसत. सारे घर बाळ पुढे करी, त्या म्हणत, "पेढा नंतर. आधी हलवायाची तब्येत बघू द्या." बायका पदराआड हसत. बाई आईशेजारी भुईवर बसून विचारीत, "झोप लागती का? उगं रडू येतं का गं?" मग वाट बघत. उत्तराला वेळ लागतो, हे त्यांना ठाऊक होते.

शेवगावजवळच्या आमच्या खेड्यात लोकांची पत्रे मी लिहून देई. "बाळ-बाळंतीण सुखरूप" हे शब्द न विचारताच लिही. बाई एकदा म्हणाल्या, "गुरुजी, तुमचं सुखरूप जुळं हाय. एकाला बघून दोघांचं लिवता."

मी हसलो होतो.

पुढे माझी लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. मुलगी झाली. जावई सुप्याला कारखान्यात. त्यांना कार्ड टाकले, तेच शब्द. तिसऱ्या आठवड्यात लेक भिंतीकडे तोंड करून पडू लागली. चोळी दुधाने भिजे, मूल रडे, तिचा हात पुढे येत नसे. मी म्हणालो, "मन घट्ट कर, बाळ. स्तोत्र म्हण." तिचे ओठ हलले, आवाज नव्हता.

चौथा आठवडा सरताना बाईंनी मला ओसरीवर बोलावले. "म्या विचारलं तिला. म्हनली, माझ्यावाचून पोरगी सुखात राहील. गुरुजी, हा आळस न्हाई, बाधा न्हाई. दुखनं हाय, अन् त्याला औषध हाय. उद्याच नगरला नेऊ, मी येते संगं. तवर एकटी सोडू नका."

"सव्वा महिना होऊ द्या. ओली बाळंतीण उंबरा ओलांडत नाही."

"ताप असता तर?"

मी पंचांग पाहिले. नऊ दिवस उरले होते. बाई रोज येऊन विनवीत राहिल्या. सातव्या सकाळी, मी पूजेत असताना, लेक उंबरा ओलांडून एकटीच गेली. लोकांनी आणली तेव्हा देहात प्राण नव्हता.

बाईंनी मला दोष दिला नाही. नातीला मांडीवर घेऊन वाटी-चमच्याने दूध पाजता पाजता त्या रडत होत्या. एवढेच म्हणाल्या, "जावयास्नी खरं लिवा."

त्यानंतर कार्ड लिहिण्याआधी मी विचारू लागलो, "आईला विचारलेत का?" समोरचा गोंधळला की कार्ड कोरे ठेवून बाईंना निरोप धाडी. गावातल्या दोन लेकी अशा वेळेवर नगरला पोहोचल्या. दुसरी हसत परतली तेव्हा बाई म्हणाल्या, "अक्षर सुधारलं तुमचं, गुरुजी."

आज त्यांच्या तसबिरीला फूल वाहून नातीने विचारले, "आजोबा, या माझ्या कोण?" इतके संस्कृत शिकलो, शब्द सापडला नाही.

वाचकहो, जगदंबा तुमच्या घरचा पाळणा हलता ठेवो. तुमच्या घरी बाळ सुखरूप असो. बाळंतीण सुखरूप असो. आता मी हे वेगवेगळेच लिहितो.