नापासाचा कागद

आमच्या वस्तीतल्या तालमीची किल्ली माझ्याकडं असते. दर रविवारी दुपारी आखाडा मोकळा असला की एक पोरगी ती मागायला यायची. वय असंल एकोणीस. नाव मी कधी विचारलं नाही. चप्पल काढून, उंबऱ्याला हात लावून आत जायची आणि वस्तीतल्या पोरींना फरशीवर घेऊन बसायची. पिशवीतनं आधी काढायची स्वतःची दहावीची, नापासाची गुणपत्रिका. ती सगळ्यांच्या हातातनं फिरली की मगच गणिताची वही उघडायची.

मला हे पटंना. माझी नात दहावीला नापास होऊन दोन महिने घरात तोंड लपवून बसलेली. एकदा मी त्या पोरीला म्हटलंच, "नापास झालेली तू, दुसऱ्यांस्नी काय शिकिवणार?"

ती हसली. "दुसऱ्या खेपंला पास झाले की, आजोबा! गणित कुठं अडतंय ते मला ठावं हाय. मी तितंच अडकलेली."

पुढच्या रविवारी मी नातीला घेऊन गेलो. ती दारातच थांबली, आत जाईना. त्या पोरीनं तिला ओढलं नाही. माझ्याकडं वळून म्हणाली, "आजोबा, तुमी कितवी नापास?"

म्हशींपायी शाळा सोडली, असं मी साठ वर्षं सांगत आलोय. पण नात माझ्याकडं बघत होती.

"चौथी," मी म्हटलं. "दोनदा."

नात फसकन हसली. चप्पल काढून आत जाऊन बसली.

यंदा ती पास झाली. ती पोरगी आता कागलकडच्या वस्तीत शिकवते म्हणं. इथं रविवारी किल्ली मागायला नातच येते, पिशवीत स्वतःचा नापासाचा कागद घेऊन.