ढवळ्याशी बोलणारा वाढई

शेलूबाजारला गाड्यांची चाकं करणारा एक वाढई होता. तो माझ्याशी कधी धड बोलला नाही. जे काय सांगायचं ते माझ्या बैलाला, ढवळ्याला. त्या काळी मी छपराच्या दमणीत, म्हणजे हलक्या बैलगाडीत, बांगड्यांचा माल भरून बाजारोबाजार हिंडायचो. दमणी कुरकुरली की त्याच्या दारातल्या लिंबाखाली थांबायचो. तो ढवळ्याची मान खाजवत म्हणायचा, "काय रे राजा, तुह्या मालकाले वंगण घालाचा बी कटाळा?" मला राग यायचा, पण चाक त्याच्याच हातचं हवं असायचं.

एकदा बायकोचे दिवस भरत आले होते, तिला माहेरी इंझोरीला न्यायचं होतं. वाटेत शेलूबाजारजवळच चाकाचे आरे निखळले; दमणी कशीबशी त्याच्या लिंबाखाली आणली. त्याने चाक ठोकून पाहिलं. "ढवळ्या, हे गेलं. नवंच लागन. लाकूड लय महाग, अन् आठ दिवस जातीन. हाय का एवढं त्याच्यापाशी?"

मी मान खाली घातली. बायकोने दमणीतून नुसतं बाहेर पाहिलं.

तो उठला. स्वतःच्या गाडीचं चाक काढून त्याने माझ्या दमणीला चढवलं. त्याची गाडी दगडांवर टेकून राहिली.

"जाय," तो बैलाला म्हणाला, "अन् वापस घेऊन ये तुह्या मालकाले."

सव्वा महिना उलटल्यावर आम्ही परतलो. भिंतीला माझं नवं चाक तयार उभं होतं, तरी त्याची गाडी तशीच दगडांवर. मी कनवटीचे पैसे काढू लागलो, तर तो ढवळ्याकडे गेला.

"काय झालं रे, पोरगं का पोरगी?"

"पोरगी," ढवळ्याच्या वतीने मीच म्हणालो. तो पहिल्यांदाच माझ्याकडे वळला.

"मंग उन्हात काहून उभा राह्यला, गाढवा? सावलीत घे तिले."