देवघरातला किनारा

लिंबागणेशला शिवकांताबाईंचं छोटं किराणा दुकान आहे. नवरा वारला. एकुलता मुलगा विश्वेश्वर राजस्थानात, तेलासाठी जमीन तपासणाऱ्या कंपनीत. दुकानाची फळी लागली की घरात बोलायला महादेवाशिवाय कुणी नसतं.

मागच्या खेपेला विश्वेश्वरनं एक दगड आणला होता. खाली-वर खरबरीत वाळूचे थर, मधे राखाडी मऊ थर आणि त्यात बारीक बारीक शंख.

"आता वाळवंट हाय तिथं, आई. पण एकेकाळी किनारा होता. समुद्र आत आला तवा हा गाळ बसला. मागं सरला तवा पुन्हा वाळू."

"आत कावून आला पण?"

"कधी पाणी चढतं, कधी जमीनच खाली बसते. काय झालं ते थरांवरून ओळखायचं."

"आन् आपल्याकडं?"

"आपल्याकडं सगळा काळा पाषाण. ज्वालामुखीचा."

निघताना म्हणाला, "असू दे इथंच. पुढल्या खेपेला नेतो."

त्या एका बोलावर बाईंनी वर्ष काढलं. शंख आहेत म्हणून दगड देवघरात ठेवला. श्रावण लागला तसं, हातावरच्या इष्टलिंगाची पूजा आटोपली की तोही ताम्हनात ठेवून त्याच्यावर तांब्याभर पाणी घालायच्या, वर बेलाचं पान. एका सोमवारी पान उचललं, तर मधला थर चिखल होऊन ताम्हनात उतरलेला. शंख सुटे झालेले, दगडाचे दोन तुकडे.

शेजारची रुद्राणी मिरची न्यायला आली होती. "काकू, समुद्र पुन्हा आला म्हणायचा की!"

बाईंना हसू आलं नाही. "आता त्यो कशापायी येईल गं?"

रुद्राणीनं फोन लावून दिला.

"जाऊ दे, आई," विश्वेश्वर म्हणाला. "तसले ढीगभर हायेत माझ्याकडं. टाकून दे."

ढीगभर. बाई उंबऱ्यावरच बसल्या. म्हणाल्या, "वरचा तुकडा कोणता अन् खालचा कोणता?"

"बघितल्याबिगर कसं सांगू? फोटो पाठव."

"मला न्हाई येत काढता."

रुद्राणीनं फोटो काढायला लगेच हात पुढं केला. बाईंनी तिच्यावर असे डोळे वटारले, की तिनं तो पदराआड घेतला.

विश्वेश्वर म्हणाला, "दिवाळीला सुट्टी मिळाली तर बघतो."

"बघ."

ताम्हनातला गाळ बाईंनी सावलीत वाळवला आणि साखर बांधावी तशी त्याची पुडी बांधली. शंख दिव्यापाशी ठेवले. दोन्ही तुकडे मात्र एकावर एक ठेवले नाहीत, शेजारी शेजारी ठेवले. त्या दिवसापासून त्यांच्यावर पाण्याचा थेंब पडू दिलेला नाही.