पहिल्या पाळीचा बैल

डेल्मर वॉयटाशी वाद घालू नये, हे आमच्या गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. म्हणजे हवेवर घाला, दुधाच्या भावावर घाला, चर्चच्या नव्या पाद्र्यावर घाला. तो नुसता 'हं' म्हणून ब्रँडीचा ग्लास फिरवत बसेल. पण फुटबॉलच्या टीमने नवी पोरं घेताना आधी कोणाला घ्यावं, हा विषय तेवढा काढू नये. काढलात, की घरचं जेवण थंड झालंच समजा.

माझा बार नदीकाठी, कागद गिरणीच्या फाटकासमोर. नवरा गेल्यापासून मी एकटीच चालवते. तोंडाने मी फटकळ आहे असं गाव म्हणतं, आणि गावाचं काही चुकत नाही. डेल्मर गिरणीतून सुटून गेली कित्येक वर्षं याच कोपऱ्यातल्या स्टुलावर बसतो. सहा फुटांच्या वर उंची, पंजे फावड्यासारखे, गुडघे दोन्ही गेलेले. बसताना 'आई गं' आणि उठताना 'आई गं', एवढंच त्याचं दिवसभराचं बोलणं असतं कधीकधी. गिरणीच्या यंत्रांनी कान खाल्ले, त्यामुळे बाकीच्यांनीही त्याच्याशी बोलणं कमीच केलं. कोण बसणार घसा फोडत!

एप्रिल संपत आला की मात्र हा माणूस जागा होतो. तेव्हा ड्राफ्ट असतो. कॉलेजात तयार झालेली पोरं सगळ्या टीमा पाळीपाळीने उचलतात; जी टीम मागच्या मोसमात जास्त हरली, तिची पाळी आधी. हिवाळाभर बर्फात कोंडलेली आमची विस्कॉन्सिनची माणसं त्या संध्याकाळी माझ्याकडे अशी जमतात, जणू घरात लग्न आहे. मागच्या भिंतीवर फळा असतो. आपली टीम कोणाला उचलणार ते ज्याने त्याने खडूने लिहायचं, आणि ज्याचं बरोबर येईल त्याने हॅम घेऊन जायचं. चांगलं गलेलठ्ठ, हाडासकट, कसायाकडून धूर दिलेलं.

डेल्मरचं म्हणणं एकच: "आधी लाईन. मग बाकीचं." लाईनवाले म्हणजे चेंडू फेकणाऱ्या क्वार्टरबॅकच्या पुढ्यात उभे राहणारे ते पाच आडदांड गडी. पळायला चेंडू त्यांना कधी मिळत नाही. समोरून येईल त्याला छातीवर घ्यायचं, आणि मागच्याला चेंडू फेकायला श्वासभर सवड मिळवून द्यायची, एवढंच त्यांचं काम. टीव्हीवर त्यांचं नाव निघतं ते चूक झाली तरच. डेल्मर शाळेत असताना लाईनवालाच होता. आपल्या टीमने दर वर्षी पहिल्या पाळीला लाईनवालाच उचलावा असं त्याचं मत, आणि आपली टीम दर वर्षी दुसऱ्याच कोणाला उचलायची. बहुतेक वेळा लांब पळून चेंडू झेलणाऱ्या एखाद्या चपळ पोराला. अशा पोरांना डेल्मर 'पळपुटे' म्हणतो.

विरुद्ध बाजूला त्याचा मुलगा, क्रेग. त्याचं म्हणणं, सामना जिंकून देतो तो झेलणारा. लाईनवाले काय, बैल आहेत, ते तिसऱ्या पाळीलाही मिळतात.

हे भांडण कुठून सुरू झालं ते मला माहीत आहे, कारण मी तेव्हा तिथेच होते. क्रेग शाळेचा क्वार्टरबॅक होता, काडीसारखा, पण हात सोन्याचा. ऑक्टोबरातल्या एका सामन्यात पुढची लाईन फुटली आणि दोन धटिंगण त्याच्यावर येऊन पडले. खांद्याजवळचं हाड मोडलं. त्याची आई, लोइस, चर्चचे बूट घालून आली होती. ती तशीच चिखलातून मैदानात धावली. डेल्मर वर बाकावर उभा होता तो उभाच राहिला. पोराचं खेळणं तिथे संपलं. "त्याच्यापुढे कोणी उभंच नव्हतं," असं डेल्मर आजही म्हणतो. क्रेग म्हणतो, "मी फेकणार कोणाला? पुढे मोकळा कोणी नव्हताच." बापलेक टीमवर भांडतात असं लोकांना वाटतं. मला विचाराल तर ते त्या एका क्षणावर भांडत आलेत. आमच्याकडे माणसं असल्या गोष्टींवर रडत नाहीत, टीमवरून भांडतात.

क्रेग ॲरिझोनात असतो. पोहण्याच्या तलावांचे पंप विकतो. लोइस होती तोवर दर रविवारी फोन यायचा, म्हणजे तिला यायचा; डेल्मर शेजारी बसून ऐकल्यासारखं करायचा. ती गेली आणि रविवार बंद पडला. नाताळात फोटोचं कार्ड येतं, वाढदिवसाला मोबाईलवर दोन ओळी येतात. वाईट पोरगा नाही तो. बापाशी बोलायचं काय, हे त्याला कळत नाही, आणि बापालाही कळत नाही.

पण ड्राफ्टच्या संध्याकाळी त्याचा फोन चुकायचा नाही. टीमने पळपुट्या उचलला, की मिनिटाभरात डेल्मरचा मोबाईल माझ्या काउंटरवर थरथरायला लागायचा. कान नाहीत म्हणून आवाज मोठा ठेवलेला, त्यामुळे अख्खा बार ऐकायचा.

"काय बाबा, कुठे गेले तुमचे बैल?"

"गाढवा, डिसेंबरात बघ! तुझा तो पळपुट्या बर्फात घसरून पडेल तेव्हा विचारतो तुला!"

"तुमचं गुडघ्यात डोकं, बाबा. गुडघेही गेलेत, आता कसं व्हायचं?"

असं तासभर. लोक मध्ये तोंड घालायचे, ओरडायचे, मी दोघांनाही शिव्या द्यायची. फोन ठेवल्यावर डेल्मरचा चेहरा लालबुंद, घाम आलेला, आणि असा खूश, की त्याला ब्रँडी द्यायचीही गरज नसायची.

यंदाचं वर्ष वेगळं होतं. मागच्या मोसमात आपल्या क्वार्टरबॅकला इतक्यांदा लोळवलं, की शेवटी तो कुबड्यांवर आला. टीम हरत सुटली, म्हणून पाळी लवकर लागली. पेपरवाले, रेडिओवाले, सगळे एकमुखाने म्हणायला लागले: लाईनवाला घ्या. आयुष्यभर डेल्मर जे कंठशोष करून सांगत होता, तेच आता टाय लावलेली माणसं टीव्हीवर सांगत होती.

त्या गुरुवारी बाहेर अजून उजेड होता तोवरच बार भरला. डेल्मर आला, तसे सगळे टाळ्या वाजवायला लागले. तो काठी टेकत सरळ फळ्याकडे गेला, खडू घेतला, आणि दक्षिणेकडच्या कॉलेजातल्या एका पळपुट्याचं नाव लिहिलं.

मग दुधाचा टँकर चालवायचा तो रूबेन ओरडला, "डेल्मर, ताप आलाय का रे? चर्च बदललं असतंस तरी समजून घेतलं असतं!"

"वाचता येतं ना तुला? मग गप बस."

"अरे, मग तुझ्या बैलांना वाली कोण?"

"तू हो."

"होतोच!" म्हणत रूबेनने उठून सगळ्यात मोठ्या लाईनवाल्याचं नाव लिहिलं, आणि खाली बैलाची शिंगं काढली. लोक हसले. डेल्मरही हसला, पण मला ते हसणं पटलं नाही.

मी आत चीजचे तुकडे तळत होते. थोड्या वेळाने तो स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा राहिला. दार भरून गेलं.

"काय पाहिजे?" मी म्हटलं. "तेल उडेल अंगावर."

"डार्लीन, त्यांनी लाईनवाला उचलला, तर क्रेग फोन कशाला करेल?"

मी झारा खाली ठेवला. "कशाला म्हणजे? अभिनंदन करायला."

"अभिनंदनाला किती वेळ लागतो?"

मी झारा परत उचलून त्याच्यावर रोखला. "मग तू कर की फोन! मुलगा आहे ना तुझा? कसा आहेस, विचार."

"तो म्हणेल, बरा आहे." डेल्मरने काठी या हातातून त्या हातात घेतली. "मग?"

तेवढ्यात बाहेर आरडाओरडा झाला, आपली पाळी आली होती. आम्ही दोघं बाहेर आलो. टीव्हीवर कोट घातलेला माणूस व्यासपीठावर आला आणि त्याने नाव वाचलं. लाईनवाला! रूबेनने लिहिलेला तोच. एका शेतकऱ्याचा पोरगा, दारातून आडवा होऊन आत येईल एवढा. त्याची आई त्याच्या कमरेला मिठी मारून रडत होती. त्याहून वर तिचा हात पोचतच नव्हता.

माझा बार फुटायचा बाकी राहिला. कोणी घंटा बडवली, कोणी डेल्मरच्या पाठीत गुद्दे घातले. अनोळखी माणसंही येऊन त्याचा हात हातात घेऊन गेली. रूबेनने जिंकलेलं हॅम उचललं आणि त्याच्या पुढ्यात आणून आदळलं. "हे तुझंच, म्हाताऱ्या. हक्काचं आहे. मी नुसती शिंगं काढली."

"देव पावला बघ शेवटी!" कोणीतरी म्हणालं.

"पावला," डेल्मर म्हणाला.

हॅम आणि ब्रँडीचा ग्लास यांच्या मधोमध त्याने मोबाईल उताणा ठेवला होता. माझं लक्ष ग्लास भरण्यात नव्हतं. एकाच्या ग्लासात दुसऱ्याची बिअर ओतली मी. मग मोबाईल थरथरला, एकदाच. वाजला नाही. चष्मा घरी राहिला म्हणून त्याने तो माझ्याकडे सरकवला.

"'अभिनंदन, बाबा! जिंकलात,'" मी वाचलं.

"अजून?"

"बैलाचं चित्र आहे."

"आणि?"

"आणि काही नाही."

त्याने मान हलवली, मोबाईल परत घेतला आणि पुसून पुन्हा तिथेच ठेवला. पुढच्या टीमने कोणाला तरी उचललं. मग तिच्या पुढच्या टीमने तो दक्षिणेकडचा पळपुट्या उचलला. लोकांचं लक्ष आता खाण्यापिण्यात होतं. इतक्या गर्दीत इतकं एकटं बसलेलं माणूस मी पाहिलं नव्हतं, आणि बारमध्ये जन्म गेलेल्या बाईने असं म्हणावं म्हणजे बघा.

मग त्याने स्वतःच बटण दाबलं. बऱ्याच वेळाने क्रेग बोलला. मागे पाण्याचा आणि माणसांचा आवाज येत होता.

"बाबा! बघितलं मी. आला की तुमचा बैल!"

"मूर्ख आहेत साले!" डेल्मर गरजला. शेजारचे दोघं दचकले. "पहिल्या पाळीला लाईनवाला? कशाला? असले बैल तिसऱ्या पाळीलाही मिळतात! तो झेलणारा पोरगा हातचा घालवला. तो असता तर सामने जिंकले असते!"

पलीकडे नुसतं पाणी वाजत राहिलं. डेल्मरचा चेहरा लाल झाला होता, आणि तो वाट बघत होता.

"बाबा," क्रेगचा आवाज एकदम मऊ झाला. "तुम्ही बरे आहात ना?"

"मला काय धाड भरलीय! तू बोल. बरोबर केलं का त्यांनी?"

"डार्लीन आहे का तिथे? जरा देता तिला?"

मी मोबाईल घेतला, आवाज कमी केला आणि कानाला लावला. "डार्लीन," क्रेग हळू आवाजात विचारत होता, "असं कधीपासून होतंय? गोळ्या घेतात ना वेळेवर? डॉक्टरांना दाखवायला हवं का?"

माझ्या तोंडावर आलं होतं: अरे गाढवा, त्याला डॉक्टर नकोय, त्याला तुझ्याशी भांडायचंय! पण डेल्मर माझ्याकडे बघत होता. एवढा मोठा माणूस, आणि लहान पोरासारखी मान हलवत होता: नको, सांगू नकोस.

"ठणठणीत आहे तो," मी म्हटलं. "तूच बोल त्याच्याशी." आणि आवाज मोठा करून मोबाईल परत दिला.

"हं, बोल," डेल्मर म्हणाला. पुढे झुकून, दोन्ही कोपरं काउंटरवर रोवून. "बरोबर केलं का?"

"नाही, बाबा," क्रेग म्हणाला, एकेक शब्द सावकाश, आजाऱ्याशी बोलतात तसा. "तुमचंच खरं. झेलणाऱ्यालाच घ्यायला हवं होतं. आता घरी जाऊन आराम करा, हं? मी करतो नंतर."

फोन बंद झाला. डेल्मर सरळ झाला, ग्लास उचलला आणि न पिताच खाली ठेवला.

"पूर्वी एवढ्यात ऐकायचा नाही," तो मला म्हणाला.